डोंगराचा जन्मदाखला
(तृतीय वर्ष, स्थापत्य विभाग)

सिव्हिलच्या पोरांना दुसऱ्या वर्षाला 'इंजिनिअरिंग जिऑलॉजी' असतं. बाकीच्या ब्रँचना हा विषय माहीत नसतो आणि सिव्हिलवाल्यांना तो परीक्षेच्या आदल्या रात्री माहीत होतो! मीही त्यातलाच. 'लॉ ऑफ सुपरपोझिशन' चार ओळीत पाठ केला, व्हायवात धडाधड म्हणून दाखवला आणि विसरून गेलो. पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत कडेगावच्या बाजूला आमच्या गावी गेलो आणि त्या चार ओळींची किंमत कळली.

तात्यांनी, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांनी, माळावरच्या रानात नवी विहीर काढली होती. खालच्या रानात, ओढ्याकडेला, आजोबांच्या वेळची जुनी विहीर आहे. तिला चाळीस फुटांवर पाझर लागलेला. त्या हिशेबानं तात्यांनी माळावर पंचेचाळीस फूट खणलं. वर पाच फूट जास्तीचे, "कमी नको पडायला" म्हणून. सोसायटीचं कर्ज, क्रेनचं भाडं, सुरुंगाचा खर्च. तळाला नुसता काळाकभिन्न पाषाण आणि पाणी म्हणाल तर पावशेर नाही. पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवलेली जागा होती ती!

तात्या विहिरीच्या काठावर बसून मला म्हणाले, "एवढं इंजिनिअरिंग शिकतोयस न्हवं? मग सांग की, खाली चाळीसावर पाणी अन् इथं पंचेचाळीसला का न्हाई? दगूड तर त्योच हाय."

दगड तोच आहे? हा प्रश्न साधा वाटतो, पण 'इथला थर आणि तिथला थर एकच कशावरून? यातला आधीचा कोणता, नंतरचा कोणता?' याच प्रश्नावर भूशास्त्राची अर्धी इमारत उभी आहे. तात्यांच्या विहिरीकडं शेवटी येऊच. आधी तो प्रश्न नीट समजून घेऊ.

रद्दीचा गठ्ठा

होस्टेलच्या खोलीत कोपऱ्यात पेपरची रद्दी साठत असते. जूनचा पेपर तळाला, मार्चचा वर. कुणी मधे हात घातला नसेल तर तारीख न वाचताही सांगता येतं की खालचा पेपर आधीचा. किती दिवस आधीचा ते मात्र नुसत्या गठ्ठ्यावरून कळत नाही. यालाच सापेक्ष वय म्हणायचं. 'रम्याचा जन्म शाम्याच्या आधीचा' एवढंच ते सांगतं, रम्याची जन्मतारीख सांगत नाही.

निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश माणसानं इटलीत राहून १६६९ साली हे नियम पहिल्यांदा नीट मांडले. हा मूळचा शरीरशास्त्रज्ञ. शार्क माशाचं डोकं चिरताना त्याच्या लक्षात आलं, की लोक ज्यांना 'दगडी जिभा' म्हणून जपून ठेवतात ते दगड हुबेहूब शार्कच्या दातांसारखे आहेत. मग माशाचे दात डोंगरातल्या दगडात गेले कसे? या एका प्रश्नातून त्यानं तीन नियम काढले. थर न उलटलेले असतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. गाळाचे थर साचताना साधारण आडवे साचतात, त्यामुळं तिरपे दिसले तर ते नंतर कललेत असं समजायचं. आणि थर चहूबाजूंना पसरलेला असतो, म्हणून दरीच्या अलीकडं आणि पलीकडं सारखाच थर दिसला तर तो मूळचा एकच, मधला भाग नदीनं खाल्ला.

त्यात पुढच्या लोकांनी आणखी दोन नियम घातले. एक, जो कापतो तो नंतरचा. भिंतीला तडा गेला असेल तर भिंत आधीची, तडा नंतरचा. धुळे-नंदुरबारकडं जुन्या थरांना उभं चिरत गेलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. तो लाव्हा भेगेत घुसून थिजलेला आहे, म्हणजे ज्या थरांना त्यानं चिरलं त्यांच्या नंतरचा. दुसरा, ज्याचा तुकडा दुसऱ्याच्या पोटात सापडतो तो आधीचा. काँक्रीटमधली खडी काँक्रीटच्या आधीची असणारच! कृष्णेच्या पात्रालगतच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरात काळ्या पाषाणाचे गोटे असतात. म्हणजे डोंगर आधी, तो थर मागाहून.

एवढे पाच नियम. यात कुठं कॅल्क्युलेटर लागत नाही. लागतात ते डोळे.

पण आपल्याकडं तर गाळाचे थर नाहीत!

इथं हुशार पोरगा हात वर करणार. स्टेनोचे नियम गाळाच्या खडकांचे. आपला सातारा-सांगलीचा दगड तर लाव्हाचा, बेसॉल्टचा. त्याचं काय?

त्याचंही तसंच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या दगडाचा आहे तो एका दमात आलेला नाही. जमिनीला लांब भेगा पडून लाव्हा बाहेर यायचा, पसरायचा, थिजायचा. मग काही काळ शांतता. मग पुन्हा वरून दुसरा प्रवाह. असे थरावर थर चढत गेले. आज झिजून उरलेला पसारासुद्धा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या डोंगरांच्या कडेला ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या याच थरांमुळं. टणक भागाचा कडा होतो, ठिसूळ भागाचा उतार.

एका प्रवाहाची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हेसुद्धा दगड सांगतो. लाव्हा थिजताना त्यातला वायू बुडबुड्यांच्या रूपानं वर चढतो आणि वरच्या सायीत अडकतो. आंबोळीला वरून जाळी पडते आणि तव्याकडची बाजू गच्च राहते, तसंच. ही बुडबुड्यांची भोकं पुढं पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली की त्याला आपल्याकडं मांजऱ्या दगड म्हणतात. खाली गच्च काळा पाषाण, वर मांजऱ्या, हा झाला एक प्रवाह. त्यावर पुन्हा गच्च पाषाण लागला की समजायचं, दुसऱ्या प्रवाहाचा तळ आला.

या दोघांच्या मधे कधीकधी एक तांबडा पट्टा दिसतो. एसटीनं घाट चढताना खिडकीतून बघा, काळ्या कातळाच्या मधून विटकरी रंगाची रेघ गेलेली असते. गावाकडं तिला गेरूचा पट्टा म्हणतात. हा तांबडा थर म्हणजे दोन प्रवाहांमधली सुट्टी. खालच्या प्रवाहाचा माथा उघडा पडला, उन्हापावसानं कुजला, त्याची माती झाली, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली. मग वरून तापलेला नवा प्रवाह आला आणि त्यानं ती माती वीट भाजावी तशी भाजली. भाजल्याची खूण मातीच्या माथ्याशी असते. म्हणजे भाजणारा वरचा, आणि तो नंतरचा.

स्थापत्यवाल्यांनी हा पट्टा विशेष लक्षात ठेवावा. तो मऊ असतो, पाण्यानं फुगतो आणि ढासळतो. बोगद्यात किंवा धरणाच्या पायात तो कुठं येणार हे आधी माहीत नसेल तर नंतर फार महाग पडतं. पाण्याच्या दृष्टीनं मात्र तो बऱ्याचदा उपकारी ठरतो. वरून झिरपणारं पाणी या चिकट थरावर अडतं आणि विहिरीत पाझर त्याच्या डोक्याशी फुटतो.

उंच म्हणजे नवा? सावधान!

आता खरी गंमत. 'वरचा नंतरचा' हे वाक्य पाठ झालं की माणूस डोंगराकडं बोट दाखवून म्हणतो, "माथा उंच, म्हणजे माथा नवीन, आणि पायथ्याची जमीन खाली, म्हणजे ती जुनी." मीही म्हटलो होतो. साफ चूक!

आपलं आष्टा घ्या. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. नदीकाठच्या रानात नवी विहीर काढताना बाजूला उभं राहून बघा. वर काळी माती, खाली पिवळसर माती, तीत चुनखडीचे खडे, त्याखाली मुरूम आणि मग पाषाण. यातली वरची माती नदीनं आणून टाकलेली आहे, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाची. येडेनिपाणीच्या मल्लिकार्जुनाचा डोंगर या रानापेक्षा कितीतरी उंच, पण वयानं कितीतरी मोठा. नदीनं आधी दगड कोरला, मग त्या कोरलेल्या ताटात माती वाढली. म्हणजे उंचीनं खाली असूनही माती नंतरची. कारण ती दगडावर बसलेली आहे. नियम उंचीचा नाही, कोण कोणावर बसलंय त्याचा आहे.

त्या विहिरीत माती संपून मुरूम सुरू होतो तिथं एकदा बोट ठेवा. बोटाच्या वरची माती फार तर काही लाख वर्षांची, बोटाखालचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. मधली सहा कोटींहून जास्त वर्षं कुठं गेली? तेवढ्या काळाची पानं फाटून गेलेली आहेत. झीज चालू होती, त्यामुळं साठा काहीच राहिला नाही. याला विसंगती म्हणतात. स्कॉटलंडमध्ये १७८८ साली जेम्स हटननं समुद्रकाठी उभ्या थरांवर आडवे थर बसलेले पाहिले आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं असूच शकत नाही हे त्याला पटलं. त्यासाठी तो बोटीतून गेला होता. आपण नुसतं शेजारच्या रानात जायचं!

उंचीचा दुसरा फसवा खेळ तर अख्ख्या सह्याद्रीत चालू आहे. भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरांचे गट पाडले आणि त्यांना आपल्याच गावांची नावं दिली. सर्वांत जुना कळसूबाई उपसमूह, त्यानंतरचा लोणावळा उपसमूह आणि सर्वांत नवा वाई उपसमूह. होय, आपल्या साताऱ्याची वाई! या वाई उपसमूहात खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर (बेळगावजवळचं) असे गट येतात. जगात कुठंही डेक्कन ट्रॅपवर पेपर लिहिला गेला की त्यात ही नावं असतात.

आता बघा. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. आणि ज्यांना तिचं नाव मिळालं ते थर सर्वांत जुने! पन्हाळा त्यापेक्षा कितीतरी बुटका, पण त्याच्या नावाचा गट नव्यांपैकी. हे कसं? कारण घाटातले हे थर दक्षिणेकडं किंचित कललेले आहेत. कल इतका बारीक की डोळ्याला आडवेच वाटतात. पण आपण इंजिनिअर, गणित करून बघू. समजा कल अवघा पाव अंश आहे. शंभर किलोमीटरला त्याचा उतार पडतो सुमारे ४३६ मीटर! म्हणजे उत्तरेत जो थर डोंगराच्या माथ्यावर, तोच दक्षिणेत पायथ्याला किंवा जमिनीखाली. एकाच उंचीवरचे दोन दगड म्हणून एकाच वयाचे, असं म्हणायची सोय नाही.

मग आंबेनळी घाटातला थर आणि पन्नास कोसांवरचा थर एकच, हे ओळखायचं कसं? सगळाच दगड काळा! इथं रसायनशास्त्र मदतीला आलं. एका गटातल्या लाव्हात टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांचं प्रमाण ठरावीक पट्ट्यात असतं. कॉक्स आणि हॉक्सवर्थ या दोघांनी महाबळेश्वरच्या घाटांतले नमुने तपासून १९८५ साली अशी रासायनिक क्रमवारी प्रसिद्ध केली. रंगानं सारखे दिसणारे दगड रक्तगटानं वेगळे निघाले म्हणा ना.

कालव्यावरचा सर्वेअर

पण मुख्य हत्यार अजून राहिलंच. जीवाश्म. आणि ते हत्यार घडवणारा माणूस कुणी प्रोफेसर नव्हता. तो होता आपल्यातलाच, सर्वेअर!

विल्यम स्मिथ, जन्म १७६९, इंग्लंडमधल्या एका लोहाराचा पोरगा. लहानपणी बाप वारला, चुलत्यानं सांभाळलं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. १७९०च्या दशकात कोळसा वाहून नेण्यासाठी सॉमरसेटमध्ये कालवा खणायचा होता, त्याच्या मोजणीचं काम त्याला मिळालं. कालव्याचा चर म्हणजे जमिनीला मैलोन्‌मैल दिलेला छेद. स्मिथच्या लक्षात आलं, की थर एका ठरलेल्या क्रमानं येतात, आणि दोन थर रंगानं-पोतानं सारखे दिसले तरी त्यांतले शंखशिंपले वेगवेगळे असतात. प्रत्येक थराचे शिंपले त्याचे स्वतःचे. मग तो नुसता जीवाश्म हातात घेऊन सांगायला लागला, 'हा अमुक थरातला, याच्याखाली तमुक थर लागणार.'

याचं कारण सोपं आहे. जीवजाती येतात, काही काळ नांदतात आणि नाहीशा होतात. एकदा गेलेली जात परत येत नाही. म्हणून ती ज्या थरात सापडते तो थर तिच्याच काळातला.

होस्टेलच्या माळ्यावरचं उदाहरण घ्या. सामान काढायला गेलो तर तळाशी फ्लॉपी, मधे सीडी, वर पेनड्राइव्ह. उद्या दुसऱ्या होस्टेलच्या माळ्यावर नुसती फ्लॉपी सापडली तरी सांगता येईल, की हा थर आपल्या तळाच्या थराच्या जोडीचा. पण तिथं प्लास्टिकची बादली सापडली तर? काही उपयोग नाही. बादली फ्लॉपीच्या काळातही होती आणि आजही आहे. म्हणून कालदर्शक जीवाश्म फ्लॉपीसारखा लागतो. थोडाच काळ टिकलेला, पण तेवढ्या काळात सगळीकडं पसरलेला, भरपूर सापडणारा आणि चटकन ओळखू येणारा. आणि एक सावधगिरी. जुना जीवाश्म झिजून निघून नव्या गाळात पडू शकतो, जशी कुणीतरी आठवण म्हणून फ्लॉपी वरच्या खणात ठेवावी. म्हणून एका जीवाश्मावर निकाल देत नाहीत, सोबत कोण कोण आहे ते बघतात.

स्मिथनं हजारो मैल पायपीट करून १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा थरांचा नकाशा छापला. त्याचं बक्षीस काय, तर १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंग! मानसन्मान आला तो १८३१ मध्ये, साठी उलटल्यावर. सबमिशनला वैतागणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवावी.

लाव्हाच्या मधली तळी

आता अडचण अशी, की उकळत्या लाव्हात शंखशिंपले कुठून टिकणार? आपल्या सातारा-सांगलीच्या काळ्या पाषाणात शोधून जीवाश्म मिळत नाहीत. मग आपल्या डोंगरांचं पृथ्वीच्या इतिहासात स्थान ठरवायचं कसं?

उत्तर आहे ते त्याच 'सुट्टी'त. दोन उद्रेकांच्या मधे जिथं जास्त काळ शांतता मिळाली तिथं तळी साचली, झाडं उगवली, गोगलगायी-बेडूक नांदले. मग वरून पुढचा प्रवाह आला आणि सगळं सीलबंद झालं. या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळीत असे थर आहेत. ज्यांच्या नावानं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी हंटर या सहकाऱ्यासोबत १८५५ साली नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि तिथल्या जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर दगडात बेडूक सापडले. इवलेसे, हाडं जागच्या जागी. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं.

पण काळ कोणता? इथं साक्षीदार फुटले! थोर वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञ बिरबल साहनी यांनी १९३४ साली प्रश्न मांडला, की डेक्कन ट्रॅप डायनोसॉरच्या क्रिटेशस काळातले की त्यानंतरच्या टर्शरी काळातले? वनस्पतींचे जीवाश्म बघता त्यांचा कौल टर्शरीकडं होता. उलट लाव्हाच्या तळाशी असलेल्या लॅमेटा थरात डायनोसॉरची हाडं होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथं दगड झालेली शेणंसुद्धा मिळतात, आणि त्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं तेव्हा गवताचा इतिहासच मागं न्यावा लागला! पण ही हाडं लाव्हाच्या खाली. त्यावरून इतकंच ठरतं, की लाव्हा डायनोसॉरच्या या हाडांनंतरचा. किती नंतरचा? पुढं कच्छमध्ये अंजारजवळ दोन प्रवाहांच्या मधल्या गाळातही डायनोसॉरचे अवशेष मिळाले. म्हणजे लाव्हा वाहायला लागला तेव्हा ते जिवंत होते. शेवट मात्र कुठं झाला हे तळ्यातल्या गोगलगायींना सांगता येईना. त्या पडल्या बादलीसारख्या. फ्लॉपी हवी होती, आणि ती समुद्रात होती.

दाखला सापडला राजमहेंद्रीला

समुद्राच्या पाण्यात तरंगणारे फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून बारीक, अंगावर चुन्याचं कवच. क्रिटेशस काळ संपताना यांच्या बहुतेक जाती एकदम नष्ट झाल्या आणि लगेच नंतर वेगळ्या, बुटक्या जाती आल्या. सगळ्या समुद्रांत एकाच वेळी. याहून चांगली फ्लॉपी मिळणार नाही!

पण समुद्राचा गाळ आणि डेक्कनचा लाव्हा एकत्र कुठं सापडणार? पूर्व किनाऱ्यावर, गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ (आताचं राजमहेंद्रवरम) काळ्या दगडाच्या खाणी आहेत. तिथं खालचे प्रवाह, मधे समुद्राचा गाळ आणि वर पुन्हा प्रवाह अशी सँडविचसारखी रचना आहे. हा लाव्हा कुठला? 'रक्तगट' तपासला तर खालचा जुळला आंबेनळी गटाशी आणि वरचा महाबळेश्वर गटाशी! पश्चिम घाटापासून साडेआठशे-नऊशे किलोमीटर दूर. जगातल्या सर्वांत लांब पोहोचलेल्या ज्ञात लाव्हा प्रवाहांत त्यांची गणना होते.

गर्टा केलर, आपले सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खाणींतला मधला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि २००८ साली निष्कर्ष मांडला. त्या गाळात होते क्रिटेशस संपल्यानंतरच्या अगदी पहिल्या काळातले, म्हणजे डेनियन काळाच्या आरंभीचे बुटके फोरॅमिनिफेरा. म्हणजे क्रम असा: खालचे प्रवाह, मग डेनियनचा आरंभ, मग वरचे प्रवाह. डायनोसॉरचा आणि निम्म्याहून अधिक सागरी जातींचा जो शेवट झाला त्याच्या अगदी आगेमागे आपले डोंगर रचले जात होते.

विचार करा. आपल्या कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. ती आपल्या शिवारावरून पुढं जाऊन जिथं समुद्राला मिळते तो भूभाग कृष्णा-गोदावरी खोरं म्हणून ओळखला जातो. राजमहेंद्रीच्या खाणी त्याच खोऱ्यातल्या. कृष्णेचा जन्मही व्हायचा होता तेव्हा तिच्या उगमाकडच्या दगडाचा भाऊबंद तिथं जाऊन बसला होता, आणि जन्मदाखला जपून होता.

भांडण पूर्ण मिटलंय असं नाही. दगडातली मूलद्रव्यं मोजून वर्षांत वय काढायच्या पद्धतींनी हा सगळा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरलाय. पण डायनोसॉरच्या अंताची रेघ वाई उपसमूहाच्या नेमक्या कुठल्या थरातून काढायची, यावर २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी वेगवेगळी उत्तरं दिली. एक म्हणतो, मोठा उद्रेक अंताच्या ऐन तोंडावर. दुसरा म्हणतो, बराचसा लाव्हा अंतानंतरचा. गंमत अशी, की वर्षांच्या आकड्यावर भांडणारे हे दोघेही थरांच्या क्रमावर भांडत नाहीत. पोलादपूरवर आंबेनळी, आंबेनळीवर महाबळेश्वर, हे दोघांनाही मान्य. आकडा सुधारत जाईल, क्रम टिकेल.

पुन्हा तात्यांची विहीर

तर विहीर. मी जुन्या विहिरीत उतरलो. मे महिना, पाणी तळाला गेलेलं. चाळीस फुटांवर तांबडा पट्टा स्पष्ट दिसत होता आणि पाझर बरोबर त्याच्या डोक्याशी. नव्या विहिरीत तांबडं काहीच नाही, सगळा पाषाण.

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तात्यांनी खोली मोजली ती जमिनीपासून. पण थर काही जमिनीच्या चढउतारानं चालत नाही. माळ उंच आहे! सर्वेच्या प्रॅक्टिकलला आपण दिवसभर 'आर.एल., आर.एल.' करत असतो ते याचसाठी. लेव्हल काही गावाकडं नव्हती, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी आणली. मी एका टोकाला, तात्या दुसऱ्या टोकाला, खालच्या विहिरीपासून माळापर्यंत तीनशे मीटर टप्प्याटप्प्यानं मोजत गेलो. दिवस गेला. फरक निघाला चौतीस फूट.

म्हणजे जुन्या विहिरीतला तांबडा पट्टा माळावर चाळीस अधिक चौतीस, चौऱ्याहत्तर फुटांवर लागायला हवा. तात्या थांबले होते पंचेचाळीसवर.

मी शब्द दिला नाही. कारण लाव्हाचा प्रवाह म्हणजे छापील कागद नाही, तो जिभेसारखा पसरतो आणि कुठंतरी संपतो. तांबडा पट्टाही मधेच तुटतो. मी तात्यांना एवढंच म्हटलं, "तात्या, पट्टा तुटला नसंल तर अजून तीस फुटांच्या आत गेरू लागंल. न्हाई लागला तर माझं चुकलं म्हणा."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येवढं गेलं तर आणखी थोडं जाऊ दे."

विहीर खोल करायला पैसे नव्हते, म्हणून तळातून उभं बोअर मारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरट भुकटीच्या जागी ओली विटकरी माती बाहेर आली. मोजलं तर एकूण एकाहत्तर फूट. तीन फुटांचा फरक माझा, नळीचा की थराच्या कलाचा, देव जाणे. पाणी काही पाटाला लोटेल एवढं नाही लागलं. रात्रभर साठून सकाळी दोन तास मोटर चालते, एवढंच. पण माळावरची पोरकी डाळिंबं जगली.

तात्यांनी ती विटकरी माती चिमटीत धरून विचारलं, "हीच का ती खालच्या विहिरीतली?"

"तीच."

"कशावरनं?"

हा प्रश्न व्हायवात मला कुणीच विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्या चार ओळी म्हणून दाखवल्या असत्या. त्या दिवशी मी तात्यांना दोन्ही विहिरींत घेऊन गेलो आणि बोट ठेवून दाखवलं. खाली मांजऱ्या, त्यावर गेरू, त्यावर गच्च पाषाण. नव्या विहिरीत पाषाण भिंतीला दिसत होता, बाकीचं बोअरच्या मातीत निघालेलं वाळत पडलं होतं. क्रम तोच.

मित्रांनो, पुढच्या वेळी एसटीनं घाट चढाल तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढा. काळ्या कातळात तांबडी रेघ दिसली की शेजारच्याला विचारा, यातलं आधीचं कोण? त्यानं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न तात्यांचा विचारा: कशावरनं?